सातबाऱ्याचे पान आधी कुठे असते?

पेरणीचे दिवस जवळ आले की परभणी जिल्ह्यात सातबाऱ्याची शोधाशोध सुरू होते. पीककर्जाला सातबारा हवा, पीकविम्याला हवा, वाटणीचा विषय निघाला तरी हवा. पूर्वी त्यासाठी तलाठ्याच्या सज्जावर हेलपाटे घालावे लागत. आता घरातले कॉलेजात जाणारे पोर मोबाइलवर ‘महाभूलेख’ ही जमिनीच्या नोंदींची सरकारी वेबसाइट उघडते. जिल्हा निवडते परभणी, मग तालुका, गाव, शेवटी गट क्रमांक. वेड्यावाकड्या अक्षरांचे कॅप्चा भरते आणि क्षणभरात सातबारा समोर येतो. त्यावर आजोबांचे नाव, क्षेत्र, आकार (शेतसारा), विहीर, बोजा (कर्जाची नोंद), सगळे जागच्या जागी असते.

हे पान मिनिटभर आधी कुठे होते?

राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. एवढी पाने कुणी बसून एकेक करून रचून ठेवली असतील, असे मनाला पटत नाही. आणि ठेवली असती, तरी रोज कुठे ना कुठे खरेदीखत होते, वारस लागतो, बोजा चढतो आणि उतरतो. त्या प्रत्येक वेळी ती पाने पुन्हा कोण लिहिणार?

खरे उत्तर असे, की ते पान कुठेच नव्हते. तुम्ही मागितले तेव्हा ते तयार झाले. साठवलेली होती ती फक्त माहिती. वेबसाइट शिकू पाहणाऱ्या नवख्याने आधी एवढे नीट पचवावे. आपल्याकडे बहुतेक जण सुरुवात करतात ती रंग, बटणे आणि सरकत्या चित्रांपासून. महिनाभर दिसण्यावर मेहनत होते आणि मग माहिती ठेवायची कुठे, या प्रश्नाशी गाडी अडते. माझ्या मते पहिले आठ दिवस संगणक उघडूच नये. कागद, पेन्सिल आणि घरातला जुना सातबारा एवढे साहित्य पुरते.

मागणी गेल्यावर काय घडते

मोबाइलवरचा ब्राउझर, म्हणजे वेबसाइट दाखवणारे ॲप, तुमची मागणी दूरच्या एका संगणकाकडे पाठवतो. मागणी ऐकून उत्तर देण्यासाठी सतत चालू ठेवलेल्या या संगणकाला सर्व्हर म्हणतात. मागणीत मजकूर मोजकाच असतो: अमुक गाव, अमुक गट.

सर्व्हरवरचा एक प्रोग्राम ती मागणी वाचतो आणि डेटाबेसला प्रश्न विचारतो. डेटाबेस म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत शिस्तीने ठेवलेली माहिती आणि ती सांभाळणारे सॉफ्टवेअर. डेटाबेसकडून कोरडे उत्तर येते: काही आकडे, काही नावे. मग प्रोग्राम पानाचा कोरा साचा काढतो, ही नावे आणि आकडे त्यातल्या मोकळ्या जागांत भरतो आणि तयार पान ब्राउझरकडे परत पाठवतो. ते पान एचटीएमएल या खुणांच्या भाषेत असते. कुठे शीर्षक, कुठे तक्ता, कुठे ठळक अक्षर हे त्या खुणा सांगतात.

साचा एक, सातबारे अडीच कोटी.

वेब सुरुवातीपासून अशी नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत तिची कल्पना मांडली. सुरुवातीची पाने माणसांनी हाताने लिहून ठेवलेल्या फायली होत्या. मागितली की जशीच्या तशी मिळत. मागणीनुसार पान घडवणारी साधने पुढच्या काही वर्षांत आली. १९९५ मध्ये रास्मुस लेरडॉर्फ यांनी ‘पीएचपी’ ही त्यासाठीची भाषा लोकांसाठी खुली केली, त्याच वर्षी ‘मायएसक्यूएल’ हा डेटाबेसही आला. दोन्ही फुकट मिळत असल्यामुळे जगभरच्या हौशी शिकाऊंनी आपली पहिली वेबसाइट याच जोडीवर उभी केली. आजही नवख्यासाठी ही वाट सोपी आहे.

तलाठ्याचे दप्तर नीट पाहा

डेटाबेसचा शास्त्रशुद्ध पाया एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० मध्ये आयबीएममध्ये काम करताना मांडला. माहिती तक्त्यांत ठेवा, एक गोष्ट एकाच जागी लिहा आणि तक्ते एकमेकांशी क्रमांकांनी जोडा, असा त्याचा गाभा. आपल्या गावकारभारात ही रीत अर्धीअधिक आधीपासून होती. तलाठ्याकडे (आता पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी) एक ते एकवीस असे गाव नमुने असतात. त्यातला सातवा आणि बारावा मिळून सातबारा. सातव्यात जमीन कुणाची आणि किती, बाराव्यात तिच्यात काय पिकले. आठ-अ मध्ये एका खातेदाराची गावातली सगळी जमीन. सहावा नमुना फेरफाराचा: हक्कात काय बदलले, कधी आणि कशाच्या आधारे.

आता सातबारा हातात घेऊन पाहा. त्यात खातेदाराच्या नावाबरोबर खाते क्रमांक असतो. नाव पुरेसे असताना क्रमांक कशाला? एकाच गावात एकाच नाव-आडनावाचे चार जण सहज सापडतात, आणि एकच माणूस एका कागदावर ‘दत्तात्रय’ तर दुसऱ्यावर ‘दत्तात्रेय’ असतो. नावावरून माणूस पक्का होत नाही, क्रमांकावरून होतो. तक्त्यातली एकेक ओळ अशी पक्की ओळखून देणाऱ्या रकान्याला डेटाबेसच्या भाषेत ‘प्रायमरी की’ म्हणतात.

मात्र खाते क्रमांक ११२ प्रत्येक गावात असू शकतो आणि गट क्रमांक ४५ तर जवळपास प्रत्येक गावात असतोच. म्हणून नुसता गट क्रमांक सांगून सातबारा निघत नाही. महाभूलेख आधी जिल्हा, तालुका आणि गाव विचारते ते याचसाठी. गाव आणि गट ही जोडी मिळून ओळख पक्की होते. पिंपळगाव नावाची गावे मराठवाड्यात कितीतरी आहेत, त्यामुळे गावालाही नावापेक्षा कोड बरा. अलीकडच्या सातबाऱ्यावर गावाच्या नावापुढे तो छापलेला दिसतो.

एकाच मोठ्या तक्त्याचा मोह

नवखा माणूस साधारणपणे एक्सेल उघडतो आणि सगळे एकाच तक्त्यात भरतो: जिल्हा, तालुका, गाव, गट, क्षेत्र, मालकाचे नाव, पत्ता, पीक. वीस ओळींपर्यंत हे छान चालते. कटकट सुरू होते ती बदल करायची वेळ आली की.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली वेगळा जिल्हा झाला. समजा, तेव्हा प्रत्येक शेताच्या ओळीत ‘जिल्हा: परभणी’ असे लिहिलेले असते, तर हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ, सेनगाव या भागांतल्या प्रत्येक शेताची ओळ बदलावी लागली असती. त्यातल्या हजारभर ओळी नजरेतून सुटल्या असत्या, तर तेवढी शेते कागदोपत्री परभणीतच राहिली असती. त्याऐवजी तालुक्यांचा वेगळा तक्ता ठेवला आणि शेताच्या ओळीत नुसता गावाचा कोड, गावाच्या ओळीत तालुक्याचा कोड लिहिला, तर तालुक्यांच्या तक्त्यातल्या मोजक्या ओळी बदलून काम भागते. २०२३ मध्ये औरंगाबाद विभागाचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. नीट रचलेल्या डेटाबेसमध्ये अशा बदलाला एका ओळीतली एक दुरुस्ती पुरते आणि लाखो पानांवर नवे नाव दिसू लागते.

एक गोष्ट एकदाच लिहायची, असा हा नियम. मी शिकवायला बसलो तर पहिला आठवडा यावरच घालवीन.

गट अनेक, खातेदारही अनेक

खरी गाठ पुढे आहे. इथे बहुतेकांचा पाय अडखळतो, म्हणून जरा थांबून पाहू.

दोघा भावांची शेती घ्या. थोरल्याचे खाते ११२, धाकट्याचे ११३. गट ४५ दोघांच्या नावे आहे, गट ६१ एकट्या थोरल्याच्या. आता तक्ते कसे आखायचे? गटाच्या तक्त्यात ‘मालक १’, ‘मालक २’ असे रकाने केले, तर उद्या वारसांची सात नावे लागतील तेव्हा रकाने कमी पडतील. उलट खातेदाराच्या तक्त्यात ‘गट १’, ‘गट २’ केले, तर एखाद्या मोठ्या कुटुंबाचे बारा गट निघतील. एका रकान्यात स्वल्पविराम देऊन ‘११२, ११३’ लिहिले, तर कुणाच्या वाट्याला किती, हे लिहायला जागाच उरत नाही.

यातून वाट काढायला तिसरा तक्ता करावा लागतो. गटांचा एक, खातेदारांचा एक, आणि दोघांना जोडणारा तिसरा. त्याला ‘धारणा’ म्हणू. गावाचा कोड सोडला तर धारणेच्या प्रत्येक ओळीत फक्त तीन गोष्टी: कोणता गट, कोणते खाते, किती क्षेत्र. ४५–११२–६० आर. ४५–११३–६० आर. ६१–११२–८० आर. वारस सात असोत की सतरा, ओळी वाढतात, रकाने तेवढेच राहतात.

आता या धारणेच्या तक्त्याला दोन बाजूंनी प्रश्न विचारून पाहा. ‘गट ४५ मध्ये कोण कोण?’ असे विचारले तर उत्तरात ११२ आणि ११३ येतात. हा झाला नमुना सातचा गाभा. ‘खाते ११२ ची जमीन कुठे कुठे?’ असे विचारले तर ४५ आणि ६१ येतात. हा झाला आठ-अ. कागदावर दोन वेगळे नमुने लिहावे लागतात आणि दोघांचा मेळ घालत बसावे लागते. एकात दुरुस्ती झाली आणि दुसऱ्यात राहिली, की तंटा उभा राहतो. डेटाबेसमध्ये तक्ता एकच असतो आणि सात व आठ-अ हे त्याला विचारलेले दोन प्रश्न असतात. एक दुरुस्त केले की दुसरे आपोआप बरोबर येते. डेटाबेसवर चालणाऱ्या वेबसाइटचे सगळे बळ इथे आहे.

चौकट: पहिल्या सरावाचे तक्ते

तालुका: कोड, नाव, जिल्हा
गाव: कोड, नाव, तालुका कोड
गट: गाव कोड, गट क्रमांक, एकूण क्षेत्र, आकार
खातेदार: गाव कोड, खाते क्रमांक, नाव
धारणा: गाव कोड, गट क्रमांक, खाते क्रमांक, क्षेत्र
पीक: गाव कोड, गट क्रमांक, वर्ष, हंगाम, पिकाचे नाव, क्षेत्र

आधी हे कागदावर आखा आणि प्रत्येकात पाच-सहा ओळी हाताने भरा. भरताना कुठे तीच गोष्ट दुसऱ्यांदा लिहावी लागली, तर तक्ता पुन्हा आखा. सरावाला कल्पित नावे वापरा. शेजाऱ्याचा मोबाइल नंबर किंवा आधार क्रमांक यात घालू नका.

रकान्यात अंक की अक्षर

तक्ता आखला की प्रत्येक रकान्यात काय प्रकारची माहिती बसणार, हे डेटाबेसला आधी सांगावे लागते: अंक, मजकूर की तारीख. हे काम किरकोळ वाटते, पण सातबारा इथे चांगलाच धडा देतो.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे लिहितात: १.२०.५०. माणूस ते सरळ वाचतो, पण दोन टिंबे असलेला अंक संगणकाला ठाऊक नाही. मजकूर म्हणून ठेवला तर बेरीज होत नाही. यावर उपाय म्हणजे आत सगळे चौरस मीटरमध्ये ठेवायचे. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर आणि एक आर म्हणजे १००. त्यामुळे १.२०.५० चे १२,०५० झाले. पानावर दाखवताना प्रोग्रामने त्याचे पुन्हा हेक्टर-आर करायचे.

गट क्रमांकाचे अगदी उलट. नाव क्रमांक असले तरी तो अंक म्हणून ठेवता येत नाही, कारण पोटहिस्से पडले की ‘४५/२/अ’ असा होतो. त्याची बेरीज कुणी करत नाही, म्हणून तो मजकूर. मग नवी अडचण येते: मजकूर म्हणून क्रम लावला तर १० हा २ च्या आधी येतो, कारण संगणक पहिले अक्षर आधी पाहतो. यासाठी गटाचा मुख्य अंक वेगळ्या रकान्यात ठेवतात. ज्यांची बेरीज-वजाबाकी होणार किंवा आकड्यांप्रमाणे क्रम लावायचा ते अंक, तारीख ती तारीख, बाकी बहुतेक मजकूर, असा साधा हिशेब ठेवला तर चूक होत नाही.

मराठी अक्षरे आत कशी राहतात

पहिल्या वेबसाइटवर मराठी नावांच्या जागी ‘?????’ दिसले, की शिकणाऱ्याचे अवसान गळते. यामागचे कारण समजले तर घाबरण्यासारखे काही नाही.

संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. पूर्वी शिवाजी, कृतीदेव अशा फाँटमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर आतून रोमन अक्षरांच्या क्रमांकांचाच असे, वरून फक्त चित्र देवनागरीचे. फाँट बदलला की सगळे अगम्य. युनिकोडने जगातल्या लिप्यांना स्वतंत्र क्रमांक दिले, त्यात देवनागरीच्या मुख्य गटाला १२८ जागा आहेत. ‘सेलू’ हे तालुक्याचे नाव घ्या. डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये ती चार चिन्हे आहेत: स, एकाराची मात्रा, ल, दीर्घ उकार. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण बारा.

तक्ता तयार करताना ही पद्धत सांगितली नाही, तर मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या युरोपीय अक्षरांची पद्धत धरून चालतात आणि देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून ठेवतात. एकदा प्रश्नचिन्ह साठवले गेले की मूळ नाव परत मिळत नाही, माहिती नव्यानेच भरावी लागते. म्हणून तक्ता करताना ‘यूटीएफ-८ एमबी-४’ हा पर्याय निवडायचा. डेटाबेस, प्रोग्राम आणि पान या तिन्ही ठिकाणी यूटीएफ-८ असल्याची खात्री करायची. मायएसक्यूएलच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, ही पद्धत मुळातच लागू असते.

कागदाचा फोटो काढला म्हणजे डेटाबेस झाला नाही

‘आमची सगळी कागदपत्रे स्कॅन झाली आहेत’ असे अनेक कार्यालयांत ऐकू येते. स्कॅन करणे चांगलेच आहे, कागद वाचतो. पण स्कॅन म्हणजे चित्र. त्यात नाव आहे हे वाचणाऱ्या माणसाला कळते, डेटाबेसला कळत नाही. त्याला प्रश्न विचारता येत नाही.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इथल्या जुन्या नोंदी मोडी आणि उर्दू लिपीतही आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातल्या कार्यालयांत जुने गठ्ठे सोडून पानामागून पान डोळ्यांखालून घालावे लागले, मोडी आणि उर्दू जाणणारे शोधावे लागले. हीच माहिती तक्त्यांत असती तर एका प्रश्नाचे काम होते. ती तक्त्यात आणण्याची मेहनत मात्र कुणीतरी एकदा करावीच लागते, तिला पळवाट नाही.

सातबाऱ्यासाठी ती मेहनत झाली. हाताने लिहिलेले सातबारे संगणकात भरताना चुका राहिल्या: कुठे नाव चुकले, कुठे गटाच्या एकूण क्षेत्राशी खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज जुळेना. २०१७ मध्ये त्यासाठी गावोगाव चावडी वाचन झाले. भरलेल्या नोंदी गावकऱ्यांसमोर वाचून दाखवायच्या आणि चूक निघाली तर टिपून घ्यायची. बेरीज न जुळणारे गट डेटाबेस स्वतः शोधून देतो. नाव चुकले आहे हे मात्र ज्याचे नाव त्यालाच कळते. आपली पहिली वेबसाइट ज्यांच्यासाठी असेल, त्यांच्यासमोर भरलेली माहिती अशीच वाचून दाखवावी. ही पायरी कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, पण मी ती सोडू देणार नाही.

प्रश्न विचारायची भाषा

डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेचे नाव एसक्यूएल. आयबीएममधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये तिचे पहिले रूप मांडले. पन्नास वर्षे झाली तरी ती टिकून आहे, कारण तिच्यात ‘कसे शोधायचे’ हे सांगावे लागत नाही, ‘काय हवे’ एवढेच सांगायचे असते. गट ४५ चे खातेदार हवे असतील तर वाक्य साधारण असे:

सिलेक्ट खाते_क्रमांक, क्षेत्र फ्रॉम धारणा व्हेअर गाव_कोड = ७ अँड गट_क्रमांक = '४५'

प्रत्यक्षात हे रोमन अक्षरांत टाइप करायचे. ‘सिलेक्ट’पुढे हवे असलेले रकाने, ‘फ्रॉम’पुढे तक्ता, ‘व्हेअर’पुढे अट. क्रमांकाबरोबर खातेदाराचे नावही हवे असेल तर धारणा आणि खातेदार हे दोन तक्ते गाव कोड आणि खाते क्रमांकावर जोडायचे. त्याला ‘जॉइन’ म्हणतात. जॉइन एकदा हातात बसला की निम्मी वाट सरली. तो बसेपर्यंत कागदावर भरलेल्या ओळींवर बोट ठेवून उत्तर आधी स्वतः काढावे आणि मग संगणकाच्या उत्तराशी ताडून पाहावे.

अडीच कोटी ओळींतून एक ओळ क्षणात कशी सापडते? त्यासाठी ‘इंडेक्स’ असतो. प्रायमरी कीच्या किमती क्रमाने लावून ठेवलेल्या असतात. क्रम लावलेल्या यादीत मधोमध पाहिले की हवा तो क्रमांक अलीकडे आहे की पलीकडे, हे कळते आणि निम्मी यादी बाद होते. अडीच कोटी असे निम्मे-निम्मे करत गेले तर जेमतेम पंचवीस पायऱ्यांत एकावर येतो. प्रत्यक्षातले इंडेक्स दर पायरीला याहूनही जास्त भाग बाद करतात, त्यामुळे पायऱ्या आणखी कमी लागतात. ज्या रकान्यावर इंडेक्स नाही तिथे मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या ओळी वाचाव्या लागतात.

लोकांना लिहू देताना

आतापर्यंत आपण फक्त वाचत होतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून बांधावरचा फोटो काढून बाराव्या नमुन्यातली पिकाची नोंद करू लागला. पाथरीतल्या शेतात उभा राहून भरलेली सोयाबीनची नोंद सर्व्हरवरच्या तक्त्यात जाऊन बसते. लोक लिहू लागले की वेबसाइटची जबाबदारी वाढते.

पहिली गोष्ट, आलेल्या मजकुरावर विश्वास ठेवायचा नाही. गटाचे क्षेत्र दीड हेक्टर असताना कुणी सोयाबीन पंधरा हेक्टर लिहिले, तर प्रोग्रामने ते अडवले पाहिजे. त्याहून गंभीर म्हणजे, शोधाच्या चौकटीत कुणी नावाऐवजी एसक्यूएलचाच तुकडा टाइप करू शकतो. प्रोग्रामने तो तुकडा उचलून आपल्या प्रश्नात चिकटवला, तर डेटाबेस त्याला हुकूम समजून पाळतो आणि अख्खा तक्ता पुसलाही जाऊ शकतो. याला ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात. बचाव सोपा आहे: प्रश्नाचे वाक्य आधी पक्के करून डेटाबेसला द्यायचे, त्यात माहितीच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचे आणि लोकांनी भरलेला मजकूर वेगळा पाठवायचा. मग त्यात काहीही असो, तो मजकूरच राहतो. पीएचपीत याची सोय ‘पीडीओ’मध्ये आहे. जुने व्हिडिओ अजूनही चिकटवण्याची पद्धत शिकवतात. असा धडा दिसला की तो तिथेच सोडावा.

दुसरी गोष्ट, अर्धवट काम होऊ द्यायचे नाही. धाकट्याने गट ४५ मधले वीस आर थोरल्याला विकले, तर एका ओळीतून वीस वजा आणि दुसरीत वीस जमा, असे दोन बदल होतात. पहिला झाला आणि वीज गेली, तर वीस आर जमीन हवेत विरते. म्हणून दोन्ही बदल एका ‘ट्रान्झॅक्शन’मध्ये बांधतात. दोन्ही झाले तरच पक्के, नाही तर दोन्ही रद्द.

तिसरी गोष्ट गावाकडच्या रीतीने फार पूर्वीच ओळखली आहे. जमीन विकली म्हणून सातबाऱ्यावरचे जुने नाव पुसून टाकत नाहीत. पूर्वी त्याला कंस करत, आता त्यावर आडवी रेघ मारतात. फेरफाराची नोंद सहाव्या नमुन्यात होते, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो आणि मगच नवे नाव चढते. कुणाकडून कुणाकडे आणि कशाच्या आधारे, हे पुढच्या पिढ्यांना वाचता येते. आपल्या तक्त्यातही ओळ पुसण्याऐवजी ‘चालू’ किंवा ‘बंद’ असा रकाना ठेवावा आणि बदल कुणी, कधी केला याचा वेगळा तक्ता करावा. नवख्यांच्या वेबसाइटमध्ये ‘डिलीट’चे बटण आधी येते आणि इतिहासाचा तक्ता कधीच येत नाही. हा क्रम उलटा हवा.

घरच्या संगणकावर

सरावासाठी सर्व्हर विकत घ्यावा लागत नाही. ‘झॅम्प’ नावाचे फुकट सॉफ्टवेअर घेतले की सर्व्हर, पीएचपी आणि मायएसक्यूएलचेच भावंड असलेला ‘मारियाडीबी’ हा डेटाबेस एकदम मिळतात. एकदा उतरवून घेतले की पुढे इंटरनेट नसले तरी चालते. पालम-सोनपेठकडच्या ज्या मुलांना रेंजसाठी गच्चीवर जावे लागते, त्यांच्या दृष्टीने हे मोठेच. ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ असे लिहिले की आपलाच संगणक सर्व्हर होऊन उत्तर देतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे धडे फुकट मिळतात, अनेक भारतीय भाषांत आहेत, त्यात मराठीही आहे.

क्रम असा धरावा. आधी तक्ते आणि त्यात दहा-वीस ओळी. मग फक्त एसक्यूएल, पाच-सहा दिवस, पान नाही की रंग नाही. मग एकच पान: वर गट क्रमांक विचारणारी चौकट, खाली उत्तर. त्यानंतर नवी नोंद घालणे, बदलणे आणि सर्वांत शेवटी सजावट. चूक दाखवणारा संदेश आला की तो पूर्ण वाचावा, त्यात ओळीचा क्रमांक दिलेला असतो. दोष पुष्कळदा त्या ओळीच्या वरच्या ओळीत असतो, एखादा अर्धविराम राहिलेला असतो.

आणि रोज काम संपवून उठताना डेटाबेसची एक प्रत काढून पेन ड्राइव्हवर ठेवावी. प्रत निघाली एवढ्यावर समाधान मानू नये. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर भरून पाहावी आणि गट ४५ चा प्रश्न विचारावा. दोन्ही भाऊ साठ-साठ आरांसह उत्तरात आले, तरच ती प्रत खरी.